शिलाईकाकूंच्या कार्डाचा कोपरा

डॉक्टरांचं खरं नाव फक्त दारावरच्या पाटीला ठाऊक होतं. बाकी सगळी वस्ती त्यांना 'बसा डॉक्टर' म्हणायची. माणूस रक्तबंबाळ होऊन येवो की नुसता शिंकत येवो, डॉक्टरांच्या तोंडून पहिला शब्द निघे, "आधी बसा." एकदा एका ट्रकवाल्याने कळवळून सांगितलं, "अहो, गळू अशा ठिकाणी आहे की बसता येत नाही म्हणूनच आलोय!" तर डॉक्टर म्हणाले, "बरं, मग उभ्याउभ्या बसा." ही गोष्ट वस्तीने इतकी वर्षं चघळली, की ट्रकवाला देवाघरी गेला तरी गळू जिवंत राहिलं.

दवाखाना म्हणजे घराच्याच पुढच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत दोन बाकं आणि एक खिडकी. खिडकीमागे त्यांची बायको बसे. पेशंट तिला बाई म्हणत. तिच्या पाठीशी लोखंडी कपाट, त्याला बारा खण, आणि खणांत जाड पुठ्ठ्याची पिवळट कार्डं, घराघराप्रमाणे लावलेली. पेशंट दारात दिसला की बाईंचा हात न बघता त्याच्या खणाकडे जाई. बावीस वर्षांत हात कधी चुकला नव्हता.

डॉक्टरांच्या हाताचं मात्र वेगळं होतं. तो हात नाडी बघायला सोन्यासारखा, आणि लिहायला आळशी. कार्डावर तारीख, तक्रारीचे दोन शब्द, रक्तदाब, गोळ्यांची नावं, बस्स. बाकी सगळं तोंडी. "लिहीत बसलो तर बाहेरचे बाकावरच म्हातारे होतील," असं त्यांचं म्हणणं. पण एक गोष्ट ते कधी विसरत नसत. एखाद्याला 'हे माझ्या हातातलं नाही, मोठ्या हॉस्पिटलात जा' असं सांगितलं, की त्याच्या कार्डाचा वरचा उजवा कोपरा ते दुमडत. नखाने घडी पक्की करत. पुढच्या वेळी कार्ड हातात आलं की कोपरा बघून पहिला प्रश्न ठरलेला, "गेला होतात का? कागद दाखवा." खण उघडला की मधूनमधून अशी कान पाडलेली कार्डं दिसायची. ही भाषा जगात दोघांनाच येत होती, डॉक्टरांना आणि बाईंना.

दुपारी जेवायला बसताना डॉक्टर बाकी काही सांगत नसत. "आज दोन कोपरे," एवढंच म्हणत. बाई कोणाचे ते विचारून घेत. मग संध्याकाळी देवापुढे हात जोडले की आधी कोपऱ्यांची नावं. देवाला पत्ता सांगावा लागत नाही हे त्यांना कळत होतं, तरी सवयीने त्या सांगत: सायकल दुकानामागचे आजोबा, पोस्टमनची थोरली सून, तिला सांभाळ. घरच्यांचा नंबर त्यानंतर.

शिलाईकाकूंचा कोपरा दुमडला तेव्हा बाई खिडकीतच होत्या.

शिलाईकाकू म्हणजे शाळेच्या गणवेशांची सम्राज्ञी. साठी उलटलेली, नवरा कधीच गेलेला, मुलगा दूरच्या शहरात नोकरीला. त्या दिवशी त्या घाम पुसत आल्या आणि म्हणाल्या, "पित्त झालंय हो, जबडा पण दुखतोय मेला. एक गोळी द्या, मशीनवर काम पडलंय."

आतून डॉक्टरांचा आवाज बाईंना स्वच्छ ऐकू आला. "काकू, हे पित्त नाही. आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलात जायचं. हृदयाचा आलेख काढायचा. मी चिठ्ठी देतो, रिक्षा बोलावतो."

"आणि माझे पस्तीस शर्ट कोण शिवणार? तुम्ही? सोमवारी शाळा उघडतेय."

"काकू, मी चेष्टा करत नाहीये."

"मी तरी कुठे करतेय? बुधवारी जाते. देवाशपथ जाते. आणि हे बघा, माझ्या मुलाला फोनबिन करायचा नाही. तो तिकडे जीव खाली-वर करून घेईल."

डॉक्टरांनी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांचा आवाज चढला, तेव्हा बाकावरची माणसं चपापली. शेवटी काकू गोळ्या घेऊन, चिठ्ठी तिथेच टेबलावर विसरून, किंवा विसरल्यासारखं करून, निघून गेल्या. डॉक्टरांनी कार्ड खिडकीतून परत दिलं ते कोपरा दुमडूनच. त्या संध्याकाळी बाईंनी देवापुढे काकूंचं नाव पहिलं घेतलं. दुसऱ्या दिवशीही घेतलं. तिसऱ्या दिवशी सकाळी काकू मशीनवरच मान टाकून गेल्या. सुईखाली चौतिसाव्या शर्टाची कॉलर होती.

पंधरा दिवसांनी मुलगा दवाखान्यात आला. डॉक्टर कोणाच्या घरी पेशंट बघायला गेले होते. मुलगा म्हणाला, "आई शेवटची इथे आली होती म्हणे. तिचा कागद बघू का?" बाईंचा जीव गलबलला. त्यांनी कार्ड काढून त्याच्या हातात दिलं आणि त्याच्यासाठी पाणी आणायला आत गेल्या. परत आल्या तेव्हा तो कार्ड खिडकीवर ठेवून उभा होता. पाणी न पिताच गेला.

मग दोन महिन्यांनी ते पाकीट आलं. मेडिकल कौन्सिलचं, पोचपावतीचं. डॉक्टरांनी सही करून घेतलं, बाहेरचा शिक्का वाचला, आणि पाकीट न फोडता टेबलाच्या खणात रिकाम्या चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्याखाली सारलं. सहा दिवस ते तिथेच पडून होतं. या सहा दिवसांत डॉक्टर जेवताना कोपरे सांगायचे विसरले.

सातव्या दिवशी बाईंनी विचारलं, "अहो, ते पाकीट कसलं?"

"कसलं म्हणजे? सरकारी. सुंठीवाचून खोकला जातो का बघतोय."

"नाही जाणार. फोडा."

फोडलं. मुलाने तक्रार केली होती. आईला हृदयविकाराची लक्षणं असताना डॉक्टरांनी पित्ताची गोळी देऊन घरी पाठवलं, हॉस्पिटलात जायला सांगितलंच नाही. तीस दिवसांत लेखी खुलासा आणि मूळ कागदपत्रं सादर करावीत. न केल्यास नोंदणी पुस्तकातून नाव कमी करण्यापर्यंत कारवाई होऊ शकते. सहा दिवस तर पाकिटाच्या पोटातच गेले होते.

डॉक्टरांनी पत्र दोनदा वाचलं आणि हसले. ते हसू बाईंना आवडलं नाही. "कर नाही त्याला डर कशाला?" ते म्हणाले. "मी सांगितलं होतं. अख्ख्या बाकाने ऐकलंय."

पण दुपारी बाई त्यांचे शर्ट इस्त्री करत होत्या, तेव्हा डॉक्टर एक कार्ड घेऊन आले.

"इस्त्री गरम आहे ना? हा कोपरा जरा सपाट करून दे. वर फडकं ठेव, शाई पसरेल."

बाईंनी कार्ड बघितलं. शिलाईकाकूंचं. गोळ्यांच्या नावांखाली एक नवी ओळ, डॉक्टरांच्याच तिरक्या अक्षरात: 'तातडीने मोठ्या हॉस्पिटलात जाण्याचा सल्ला तीन वेळा दिला. रुग्णाने नकार दिला.' निळी शाई अजून चमकत होती.

"अहो, पण हा तर कोपरा आहे."

"म्हणून तर. तिथे बसलेल्यांना कोपरा काय कळणार? ते म्हणतील, डॉक्टर कागदपत्रं कशी ठेवतात बघा, कुत्र्याच्या कानासारखी. मी शब्दांत लिहिलंय. खोटं आहे का त्यात काही?"

खोटं काहीच नव्हतं. तीन वेळाच सांगितलं होतं, बाईंनी मोजलं होतं. त्यांनी फडकं ठेवलं, इस्त्री फिरवली. वाफेचा जरासा वास आला. कोपरा सरळ झाला. घडीची रेघ तेवढी पांढरट राहिली, जखम भरल्यावर व्रण राहतो तशी.

रविवारी लंबू आला. हा डॉक्टरांचा कॉलेजातला मित्र, साडेसहा फूट उंच, मोठ्या हॉस्पिटलात नोकरीला. स्वतः दहा वर्षांपूर्वी अशाच एका चौकशीतून गेला होता आणि धुतल्या तांदळासारखा बाहेर आला होता. दारातून वाकून आत येताच त्याने डॉक्टरांच्याच आवाजात म्हटलं, "आधी बसा!" आणि स्वतः बसला. पत्र वाचल्यावर मात्र त्याची चेष्टा ओसरली.

"ऐक. एक, मुदत चुकवायची नाही. सहा दिवस घालवलेस, आता एकही घालवू नकोस. दोन, वकील कर. स्वतःच्या दाढेवर स्वतः पक्कड लावत नाहीत. तीन, त्या पोराला फोन करायचा नाही, त्याच्या घरी जायचं नाही. तू रडायला जाशील आणि तो म्हणेल दम द्यायला आला."

"आणि खुलासा?"

"खुलासा थंड डोक्याने. तो पोरगा कसा, त्याची आई कशी, एक अक्षर नाही. काय झालं तेवढंच. पण सगळ्यात मोठी गोष्ट," लंबूने लांब बोट वर केलं, "कार्डाला हात लावायचा नाही. जसं आहे तसं. एक शब्द कमी असेल तर असू दे. आठवणीत आहे ते खुलाशात लिही, म्हण की हे मला आठवतंय, कार्डावर नाही. कमी लिहिणाऱ्याला ते कान धरून सोडतात. नंतर लिहिणाऱ्याला नाही सोडत. लावला नाहीयेस ना हात?"

बाई चहाचे कप उचलत होत्या. डॉक्टर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "छे. हात कशाला लावू?"

कप बशीत खणखणला. लंबूने बाईंकडे पाहिलं. बाई आत गेल्या.

तो गेल्यावर बाई म्हणाल्या, "मित्रापाशी तरी सांगायचं होतं."

"काय सांगायचं? की खरं लिहिलं?"

"की आत्ता लिहिलं."

"ओळ खरी आहे की नाही?"

"खरी आहे."

"मग?"

"खरी आहे, पण त्या दिवशीची नाहीये ना ती."

बाईंच्या मनात आलं, आज कबूल केलं तर नुसती लाज वाटेल. उद्या लाजेवर भागणार नाही. पण त्या गप्प बसल्या. बावीस वर्षांचा संसार होता, आणि इस्त्री कोणी फिरवली होती?

वकीलबाई चष्मा कपाळावर चढवून बोलणारी, चटपटीत. तिनेही पहिल्या पाच मिनिटांत तेच विचारलं, "कार्डात नंतर काही घातलेलं नाही ना? असेल तर आज सांगा. आज माझ्या हातात आहे. खुलाशात आपणच कबूल करू, चूक म्हणून. त्यांना सापडलं तर माझ्याही हातात नाही." डॉक्टरांनी मान हलवली, नाही. खुलासा गेला. त्यात लिहिलं होतं की सदर नोंद तपासणीच्या वेळीच केलेली आहे. खाली डॉक्टरांची सही. आणि कार्डं सांभाळणारी व्यक्ती म्हणून साक्षीदारांत बाईंचं नाव.

वकीलबाईच्या ऑफिसचा जिना उतरताना बाई म्हणाल्या, "पेशंटने लपवलं की तुम्ही केवढे ओरडता. 'डॉक्टरपासून लपवलंत तर मरणाला निमंत्रण' म्हणता."

"आता पुरे हं!" डॉक्टर जिन्यात थांबले. इतक्या जोरात ते बाईंवर कधी ओरडले नव्हते. एक टायपिस्ट दारातून डोकावली. मग हळू आवाजात ते म्हणाले, "मला या एका गोष्टीशिवाय दुसरं काही येत नाही गं. पाटी उतरली तर मी कोण?"

संध्याकाळी देवापुढे हात जोडले, तर कोपऱ्यांची नावं घेताना जीभ अडली. पहिल्यांदाच त्यांना वाटलं, आपण मागतोय कोणत्या तोंडाने?

चौकशीचा दिवस पाच महिन्यांनी उजाडला. तोवर वस्तीत कुजबुज पसरली होती. बाकं अर्धी रिकामी राहू लागली होती. जे यायचे ते औषध घेण्याआधी गोळीचं पाकीट उलटंपालटं करून बघायचे.

तिसऱ्या मजल्यावरची खोली. लांब टेबल, त्यामागे पाच जण. मधोमध पांढऱ्या केसांच्या एक बाई, निवृत्त सर्जन, अध्यक्ष. एका बाजूला शिलाईकाकूंचा मुलगा, हातात हात घट्ट धरून बसलेला. डॉक्टर आत गेले आणि उभेच राहिले. अध्यक्षबाई म्हणाल्या, "बसा." डॉक्टरांना तो शब्द कळायला क्षणभर वेळ लागला.

प्रश्न सरळ होते. काय लक्षणं होती, काय सुचलं, काय सांगितलं. डॉक्टरांनी उत्तरंही सरळ दिली. पाचातला एक चष्मेवाला मान डोलावत होता. बाई मागच्या खुर्चीत बसून मनात देवाचं नाव घेत होत्या. त्यांना वाटू लागलं, निघतील, यातूनही निघतील.

"ही शेवटची ओळ," अध्यक्षबाईंनी कार्ड समोर धरलं, "कधी लिहिलीत?"

"त्याच दिवशी."

"पेशंटच्या समोर?"

"त्या गेल्यावर लगेच."

अध्यक्षबाईंनी मुलाकडे पाहिलं. मुलाने एक कागद पुढे सरकवला. मोठा केलेला फोटो. मोबाईलवर काढलेला, दवाखान्याच्या खिडकीवरचा, काठाशी बाईंच्या जपाच्या पुस्तकाचा कोपराही आलेला. कार्ड तेच. गोळ्यांची नावं तीच. खालची ओळ नाही. आणि वरचा उजवा कोपरा दुमडलेला.

बाईंना ते पाण्याचं भांडं आठवलं. पाणी आणायला लागली असतील दोन मिनिटं.

डॉक्टरांची मान खाली गेली ती गेलीच. वकीलबाईने चष्मा कपाळावरून काढून टेबलावर ठेवला. ती डॉक्टरांकडे पाहतही नव्हती.

"कार्डं कोण सांभाळतं?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

बाई उठल्या. वकीलबाई पुटपुटली, "विचारलं तेवढंच सांगा. आठवत नाही म्हटलंत तरी चालेल."

"फोटोत कोपरा दुमडलेला आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या. "मूळ कार्डावर घडीची खूण आहे, पण कोपरा सपाट. तुम्हाला यातलं काही माहीत आहे?"

'आठवत नाही' हे दोनच शब्द होते. बाईंनी नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं. त्यांनीच सकाळी इस्त्री केलेला शर्ट. रोज संध्याकाळी ज्याच्यापुढे लोकांच्या सुना-सासऱ्यांची नावं घेतो, तो इथे खोलीत नाही असं थोडंच आहे?

"मी सपाट केला," बाई म्हणाल्या. "इस्त्रीने. पत्र आल्यानंतर. ओळही तेव्हाचीच. शाई ओली होती."

डॉक्टरांनी डोळे मिटले.

"पण तुम्ही कोपरा कशाचा ते विचारा ना!" बाईंचा आवाज फुटला. "ओळ नंतरची आहे, पण कोपरा त्याच दिवशीचा आहे. मोठ्या हॉस्पिटलात जा असं सांगितलं की हे कोपरा दुमडतात. बावीस वर्षं. लिहीत नाहीत, दुमडतात. आमच्या कपाटात बारा खण आहेत, कोणताही उघडा. कान पाडलेली शेकडो कार्डं निघतील. त्या लोकांना विचारा, हॉस्पिटलात पाठवलं होतं की नाही. काकूंना तीनदा सांगितलं, मी खिडकीत होते. काकू म्हणाल्या, सोमवारी शाळा उघडतेय, बुधवारी जाते. आणि म्हणाल्या, मुलाला कळवू नका."

मुलाने झटकन वर पाहिलं.

चष्मेवाला पुढे झुकला. "हे खुलाशात का नाही लिहिलं?"

वकीलबाईने समोरची खुलाशाची प्रत उलटी करून ठेवली.

तेवढ्यावर त्या दिवशीचं काम थांबलं. पुढच्या आठवड्यात कौन्सिलची दोन माणसं येऊन कपाटाला सील लावून गेली. खण मोजले, कार्डं मोजली. चारशे बारा कोपरे निघाले. त्यांतल्या साठ जणांचा शोध घेतला. सत्तावन्न म्हणाले, हो, पाठवलं होतं. तिघं हयात नव्हते.

निकालाच्या दिवशी अध्यक्षबाईंनी कागद वाचून दाखवला. उपचारात हलगर्जीपणा सिद्ध होत नाही. कागदपत्रात मागाहून फेरफार करणं आणि चौकशीत खोटं विधान करणं सिद्ध होतं. नाव दोन वर्षं नोंदणी पुस्तकातून कमी. वाचून झाल्यावर त्यांनी कागद खाली ठेवला आणि जरा थांबून म्हणाल्या, "डॉक्टर, तो कोपरा तुम्ही तसाच ठेवला असता ना, तर आज मी स्वतः तुम्हाला जिन्यापर्यंत सोडायला आले असते."

डॉक्टरांनी त्यांना हात जोडले.

बाहेरच्या व्हरांड्यात मुलगा उभा होता. बाईंना वाटलं, तोंड फिरवून जाईल. पण तो जवळ आला.

"आई खरंच म्हणाली, मला कळवू नका?"

"हो रे बाळा."

"मला वाटलं, तुम्ही तिला हसण्यावारी नेलं. फोटो काढला तेव्हा तक्रार करायचं मनात नव्हतं. नुसता तिच्या नावाचा कागद हवा होता. मग कौन्सिलकडून खुलाशाची प्रत आली. त्यातली ती ओळ बघितली, आणि वाटलं, हा माणूस सगळंच खोटं सांगतोय. तोवर मी तक्रार मागे घ्यायचं म्हणत होतो."

डॉक्टर चार पावलं पुढे जाऊन थांबले होते. त्यांनी ऐकलं होतं. त्यांच्या मानेवरून ते बाईंना कळलं.

बसमध्ये दोघं शेजारी बसले. तीन थांबे गेले. मग डॉक्टर म्हणाले, "इस्त्रीचं सांगायला कोणी सांगितलं होतं तुला?"

"कोणी नाही."

"मी म्हणालो असतो, मीच केली."

"तुम्ही म्हणाला नसतात."

"नसतो," ते रस्त्याकडे पाहत म्हणाले. आणि नऊ दिवस ते तिच्याशी दुसरं वाक्य बोलले नाहीत. जेवण वाढ, पाणी दे, एवढंच. बाईंनी तेही देवाचा प्रसाद समजून घेतलं. लंबू एकदा येऊन गेला, बसला नाही, दारातच म्हणाला, "मला तरी सांगायचंस रे." दारावरची पाटी डॉक्टरांनी स्वतः स्क्रू काढून उतरवली. भिंतीवर तिचा चौकोन पांढरा राहिला.

बाकं पुढच्या खोलीतच आहेत. कपाट सील काढून परत मिळालं, पण आतली बरीचशी कार्डं आता रस्त्यापलीकडच्या नव्या डॉक्टरणीकडे गेली. डॉक्टर दुपारी जेवायला बसतात तेव्हा सांगण्यासारखं काही नसतं. भाजीत मीठ बरोबर आहे, एवढं म्हणतात.

परवा मात्र जेवताजेवता त्यांचा घास हातात राहिला. भिंतीपलीकडे शाळेतली निवृत्त मास्तरीण एकटी राहते. ती दोन दिवस खोकत होती, आणि त्या खोकल्यात मधेच काहीतरी अडकत होतं. डॉक्टर कान देऊन ऐकत राहिले.

"पाय सुजलेत का गं तिचे?"

"काल चपला हातात घेऊन चालत होती."

"तिला सांग, आजच्या आज मोठ्या हॉस्पिटलात जा. मी नाही सांगू शकत. मला मनाई आहे."

बाई हात धुऊन लगेच गेल्या. मास्तरीण उशांना टेकून बसली होती, आडवं होता येत नव्हतं. बाईंनी सांगितलं. मास्तरणीने चष्म्यावरून पाहिलं.

"कोण म्हणतंय?"

"हे म्हणताहेत."

"ते आता कुठे डॉक्टर राहिलेत बाई? वाईट वाटून घेऊ नका हं. पण उद्या काही झालं तर? लिहून देतात का ते?"

बाई उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मी रिक्षा आणते. मी येते बरोबर. लिहिलेलं काही नको, तुम्ही चला."

"बघू उद्या," मास्तरीण म्हणाली आणि पुन्हा खोकू लागली.

बाई घरी आल्या. डॉक्टर ताटावरच बसले होते, उष्ट्या हाताने.

"निघाली?"

"नाही. उद्या म्हणाली. मी संध्याकाळी परत जाते, तिच्या भाच्याला फोन करते."

"संध्याकाळी नको. आत्ता कर."

बाईंनी फोन केला. भाचा उचलत नव्हता. त्यांनी परत लावला. डॉक्टरांच्या डाव्या हाताशी जुन्या कोऱ्या कार्डांचा गठ्ठा होता. वरचं एक कार्ड त्यांनी ओढून घेतलं, त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं, आणि वरचा उजवा कोपरा दुमडून नखाने घडी पक्की करत राहिले. फोनची घंटी तिकडे वाजतच होती.